तीन लिंबांचा खेळ

वाचकहो, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. भाताची मळणी उरकली होती, रानात तूर फुलावर आली होती, आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी लिंबे पडत होती.

पडत होती म्हणजे झाडावरून नव्हे, हातातून. ओट्यावर पडत, न्हाणीपाशी पडत, एकदा तर चुलीवरच्या वरणात पडले. आमचा नातू तीन लिंबे घ्यायचा आणि एकामागून एक वर उडवून झेलायचा. हात दोन आणि लिंबे तीन, म्हणजे एक तरी लिंबू हवेत हवेच. जत्रेत किंवा सर्कशीत हा खेळ तुम्ही पाहिला असेल. सर्कसवाले त्याला जगलिंग म्हणतात. मी आपला त्याला झेलाझेली म्हणतो.

पोर बारा वर्षांचे. आईबाप सुरतेला, उधन्याच्या बाजूला, कापडाच्या कारखान्यात. आमच्या खांडबाऱ्याच्या पट्ट्यात हे काही नवलाचे नाही. सुरत-भुसावळ रेल्वे दारावरून जाते. शेत चार महिने पोसते, उरलेले आठ महिने ही गाडी पोसते. कोणी सुरतेला जातो, कोणी बारडोलीकडे ऊसतोडीला. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. हा दिवाळीच्या सुट्टीत आईबापांकडे जातो आणि परत आला की आठ-दहा दिवस घरात असून नसल्यासारखा असतो. विचारले तर हो, नाही तर नाही. या खेपेला तिकडच्या चाळीतल्या एका मुलाकडून तो हा खेळ शिकून आला होता आणि आल्या दिवसापासून लिंबांच्या मागे होता.

वरणात लिंबू पडले त्या दिवशी माझे टाळके फिरले. दिवसभर पंपाच्या वायरशी झगडून आलो होतो, तेही एक कारण. मी म्हणालो, "ही काय डोंबाऱ्याची थेरं मांडलीस घरात? उद्या थाळी घेऊन बाजारात बसायचंय का?"

पोर काही बोलले नाही. तिन्ही लिंबे पुसून टोपलीत ठेवली आणि दप्तर उघडून बसले. पुस्तकाचे पान मात्र तासभर उलटले नाही. मी पाहत होतो.

पुढचे चार दिवस लिंबे पडली नाहीत. घरही गप्प झाले. आपण बोललो ते बरोबरच बोललो, असे मी स्वतःला सांगत होतो, पण जेवताना त्याच्याकडे बघवत नव्हते. तुमच्याही घरात असे दिवस येत असतील. पोरांना रागावण्याचा हक्क आपलाच, आणि त्याचे ओझे वाहण्याची पाळीही आपलीच.

पाचव्या दिवशी माझ्या आईने तोंड उघडले. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे. पडवीतल्या बाजल्यावर तिचा दिवस जातो. मोतीबिंदू काढल्यापासून नजर बरी आहे, पाय तेवढे चालत नाहीत. तिने नातवाच्या पोराला हाक मारली, "ती लिंबं आण रे इकडं. तीन आण. सारखी बघून आण."

त्याने आणून दिली. आई मांडी घालून नीट बसली, पदर खोचला आणि पहिले लिंबू उजव्या हाताने उडवले. ते डाव्या हातात येते न येते तोच डाव्यातले उजव्यात, उजव्यातले वर. रहाटगाडग्यावरच्या गाडग्यांसारखी लिंबे गोल फिरू लागली. दहा-बारा फेरे झाले असतील, मग एक लिंबू सुटले आणि बाजल्याखाली गेले. आई हसली. तिच्या तोंडात दात नाहीत, पण ते हसू मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

"माझ्या वेळेला चार खडे फिरायचे," ती म्हणाली.

माझे वय बासष्ट. बासष्ट वर्षे मी या बाईचे हात पाहत आलो. भाकरी थापताना, भात लावताना, शेण सारवताना, माझ्या पाठीत धपाटा घालताना. या हातांना हे येते, हे मला ठाऊक नव्हते.

मग तिने सांगितले. लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पदराच्या गाठीत माहेरचे पाच सागरगोटे बांधून आणले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते सासूच्या नजरेस पडले. "संसार करायला आलीस का खेळायला?" असे म्हणून सासूने ते उकिरड्यावर फेकून दिले. "रात्री जाऊन शोधले मी. तीनच सापडले. मग तीन ठेवून काय करायचे, म्हणून तेही टाकून दिले." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गेल्या पावसाचे सांगावे तसे तिने सांगितले. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागले. तिची सासू म्हणजे माझी आजी. मला ती आठवते ती दूधभात भरवणारी. तिचेच बोलणे पाच दिवसांपूर्वी माझ्या तोंडून निघाले होते.

मायबहिणींनो, सागरगोटे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण हल्लीच्या मुलांनी खडेच पाहिलेले असतात, म्हणून सांगतो. सागरगोटा किंवा गजगा हे एका काटेरी वेलीचे बी. ही वेल कुंपणाला लावतात. एकदा माजली की त्यातून गुरू जात नाही आणि चोरही जात नाही. शेंग चपटी, अंगभर काटे. आत राखाडी रंगाचे, गुळगुळीत, दगडासारखे टणक बी. वैद्य या झाडाला लताकरंज म्हणतात आणि बियांतला कडू गर तापावर देतात. मुलींनी मात्र त्याचे औषध केले नाही, खेळ केला. गोटे जमिनीवर टाकायचे, एक वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग एकेक सोडून दोन-दोन, मग तीन, मग सगळे. शेजारी गुजरातेत याच खेळाला पांचीका म्हणतात. खेळता खेळता ज्यांचा हात बसतो त्या मुली जमिनीवरचे गोटे सोडून देतात आणि तीन-चार गोटे हवेतच फिरवू लागतात. आई करत होती ते हेच. म्हणजे ज्याला मी डोंबाऱ्याचे थेर म्हणालो, ते माझ्या घरच्या बाईचे माहेर होते.

ही काही आपल्याच मुलुखाची गोष्ट नव्हे. इजिप्त देशात बेनी हसन या ठिकाणी डोंगरात कोरलेली जुनी थडगी आहेत. त्यांतल्या एकाच्या भिंतीवर चेंडू झेलणाऱ्या बायकांचे चित्र आहे. एकीच्या भोवती तीन चेंडू हवेत आहेत. चित्र सुमारे चार हजार वर्षांचे. जगातले झेलाझेलीचे सर्वांत जुने चित्र म्हणून ते दाखवतात. तिकडे दूर पॅसिफिक महासागरात टोंगा नावाची बेटे आहेत. तिथल्या मुलीही रानातली फळे घेऊन अशाच गोल फिरवतात. आपल्या मुली, टोंगाच्या मुली, इजिप्तच्या बाया यांची गाठ कधी पडली नसणार. पण तीन गोल वस्तू आणि रिकामा हात एकत्र आले की बाईमाणसाला हे सुचत असावे.

मग हा खेळ हलका कधी ठरला? मी बरेच दिवस यावर विचार केला. मला वाटते, ज्या दिवशी तो पोटासाठी करावा लागला त्या दिवशी.

लंडन शहरात १८१९ च्या सुमारास रामो सामी नावाचा एक हिंदी खेळकरी फार गाजला होता. मूळ नाव रामस्वामी असावे. पितळेचे चार गोळे तो हवेत असे फिरवी की बघणारा थक्क व्हावा. हॅझलिट नावाच्या मोठ्या इंग्रज लेखकाने १८२१ साली हिंदुस्थानी झेलकऱ्यांवर आख्खा निबंध लिहिला. गोळे झेलणाऱ्या माणसाची अचूकता पाहून त्याला आपल्या लेखणीचीच लाज वाटली. इतके कौतुक! आणि १८५० साली रामो सामी मेला तेव्हा मूठमातीच्या खर्चासाठी त्याच्या बायकोला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली.

आपल्याकडेही फार वेगळे घडले नाही. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. भारतीय माणसाने काढलेली ती पहिली सर्कस. त्यानंतर सांगलीकडच्या कितीतरी सर्कशी देशभर फिरल्या. तंबूत तिकीट काढून आपण ज्याला टाळ्या वाजवतो, तोच खेळ डोंबाऱ्याची पोर बाजारात दोरीखाली उभी राहून करते तेव्हा आपण नजर चुकवतो. १९५९ सालच्या मुंबई राज्याच्या भीकबंदी कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या केली, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांच्या निमित्ताने पैसे मागणे हेही धरले. कसरत करणारा आणि भीक मागणारा एकाच ओळीत! कायदा करणारे काही माझ्यापेक्षा निराळे नव्हते. मीही पोराला थाळीचीच आठवण करून दिली होती.

फार वर्षांपूर्वी आमच्या बाजारात पाहिलेली एक डोंबाऱ्याची मुलगी मला आठवते. सहा-सात वर्षांची असेल. दोरीवरून उतरल्यावर ती एका बाजूला बसून बांगड्यांचे तुकडे उडवून झेलत होती. कोणी पाहत नव्हते, ढोलकीही थांबली होती. ती स्वतःसाठी खेळत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पोटासाठी केलेली कसरत झाल्यावर, उरलेल्या वेळात, तिने तिचा खेळ काढला होता. लहान मुलांना सर्कशीत कामाला लावायचे नाही, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. तो रास्तच होता. कामाला बंदी घालता येते. खेळ मिळवून देणे हे मात्र न्यायालयाच्या हातचे नाही, ते घरच्या माणसांनी करायचे.

ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी याच खेळाचा छंद केला. अमेरिकेत १९४७ च्या जूनमध्ये झेलकऱ्यांची एक संस्था निघाली. पुढे तिच्यात पोटार्थी कमी आणि हौशी जास्त झाले. डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी संध्याकाळी मैदानात जमून चेंडू झेलतात. युरोपात १९७८ पासून त्यांचे मेळावे भरतात. जूनमध्ये जगभरचे झेलकरी आपला एक दिवसही साजरा करतात. जून महिना निवडणाऱ्याला पेरणी ठाऊक नसावी, असो.

या हौशी मंडळींत एक क्लॉड शॅनन नावाचे अमेरिकन गणिती होते. आज आपण मोबाईलवर बोलतो, फोटो पाठवतो, त्यामागचे मूळ गणित या माणसाने १९४८ साली मांडले. ते एकचाकी सायकलवर बसून चेंडू झेलत आपल्या कचेरीच्या बोळातून फिरत असत. त्यांनी झेलाझेलीचेही गणित मांडले. चेंडू हवेत किती वेळ राहतो, हातात किती वेळ राहतो आणि हात रिकामा किती वेळ राहतो, या तिन्हींचा हिशेब एकमेकांना बांधलेला आहे, असे त्यांनी दाखवले. साध्या भाषेत सांगायचे तर वस्तू वाढवायच्या असतील तर एक तर हात चपळ हवा, नाही तर फेक उंच हवी. उंचीचा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. एक फूट उंच फेकलेले लिंबू अर्ध्या सेकंदात हातात परत येते. चार फूट उंच फेकले तर एक सेकंद मिळतो. दोन सेकंद हवे असतील तर मात्र सोळा फूट उंच फेकावे लागेल. म्हणजे वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट. म्हणून तीन लिंबे कुणालाही जमतात, पाचांना वर्ष लागते आणि सातांपर्यंत फार थोडे पोचतात.

नातवाची समजूत मी कशी काढली, ते सांगतो. मी माफी मागितली नाही. आमच्या पिढीला ते येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपलीतून तीन लिंबे घेतली, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला शिकव." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. चेष्टा तर नाही ना, याची खात्री करून घेतली असावी. मग म्हणाला, "आबा, आधी दोन ठेवून द्या. एकच घ्या."

पहिला धडा एकाच लिंबाचा. कोपरे अंगाजवळ, हात कमरेच्या वर, आणि लिंबू उजव्या हातातून डाव्या हातात कपाळाच्या उंचीपर्यंत कमान करून टाकायचे. डाव्यातून उजव्यात तसेच. सोपे वाटते ना? माझे उजव्या हाताचे लिंबू नेमके येई आणि डाव्याचे शेजारच्या गोठ्यात जाई. आयुष्यभर डाव्या हाताने आपण काय केले, याचा हिशेब त्या दिवशी लागला. काहीच केले नाही. त्याने फक्त धरले. पेरले, कापले, लिहिले ते सगळे उजव्याने.

दुसरा धडा दोन लिंबांचा, आणि खरी गोम इथेच आहे. पहिले लिंबू टाकायचे. ते शेंड्याला पोचून खाली वळते त्या क्षणी दुसरे टाकायचे, पहिल्याच्या आतल्या बाजूने, तितकेच उंच. टाक, टाक, झेल, झेल. आपला हात मात्र लबाडी करतो. दुसरे लिंबू वर न टाकता आडवे दुसऱ्या हातात सरकवतो. आईच्या गोल फेऱ्यात तसे सरकवावेच लागते, तो प्रकार वेगळा आणि खरे तर जास्त कठीण. नातवाच्या प्रकारात दोन्ही हातांनी सारखेच वर टाकायचे. मला या एका धड्याला नऊ दिवस लागले.

तिसऱ्या धड्यात ज्या हातात दोन लिंबे आहेत त्याने सुरुवात करायची आणि प्रत्येक लिंबू शेंड्याला पोचले की पुढचे सोडायचे. मला ते तोंडी सांगून कळेना. तेव्हा आमच्या घरातून सल्ला आला. भांडी घासता घासता ती म्हणाली, "अहो, वेणीसारखं आहे ते. डावीकडचा पेड मध्ये, उजवीकडचा मध्ये, पुन्हा डावीकडचा." मी थक्क झालो. लिंबांच्या वाटा नीट पाहिल्या तर खरेच तिपेडी वेणीच पडत होती. हाताने न शिकता नुसत्या डोळ्याने तिने ते ओळखले, आणि मी नऊ दिवस लिंबांमागे धावत होतो.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर माझ्या चुका तुम्ही करू नका. खाटेसमोर किंवा भिंतीकडे तोंड करून उभे राहा. नाही तर फेक पुढे जाते, तिच्यामागे पाय जातात, आणि माणूस उंबऱ्याला अडखळतो. लिंबांकडे एकेक करून बघू नका, वरच्या टोकाकडे नजर ठेवा. हात आपोआप खाली वाट पाहतो. लिंबे दोन दिवस बरी, मग ती मऊ पडतात आणि लोणच्याची लिंबे खराब केली म्हणून घरात बोलणी बसतात. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या छोट्या पिशव्या शिवा, त्यांत तूर किंवा ज्वारी भरा, मूठभर होईल इतकीच. कापडाची पिशवी पडली तरी घरंगळत नाही, हे मोठे सुख. वाकून वाकून कंबर जाते हो! सलग सहा फेका झेलल्या, म्हणजे प्रत्येक पिशवी दोनदा फिरली, की जमले समजा. पोराला चार दिवस लागले होते, मला तेवीस. आणि विळा, कोयता, काच असले काही घेऊन कुणी सर्कस करू नये, हे बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या डोक्यात ते आलेलेच असते.

या खेळाने बुद्धी वाढते, असे सांगणारे तुम्हाला भेटतील. त्यात तथ्य किती? जर्मनीत काही डॉक्टरांनी एक प्रयोग केला, तो २००४ साली 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापून आला. चोवीस माणसे घेतली, निम्म्यांना तीन महिने तीन चेंडू झेलायला शिकवले, निम्म्यांना नाही. मेंदूच्या तसबिरी काढल्या. शिकलेल्यांच्या मेंदूत, हलती वस्तू पाहण्याचे काम जिथे चालते, तिथला भाग किंचित वाढलेला दिसला. मग त्यांनी सराव सोडला आणि तीन महिन्यांनी पाहिले तर तो बराच ओसरला होता. रान कसले की पिकते आणि पडीक टाकले की तणात जाते, हे आपल्याला कुणी चित्र काढून सांगायला नको. पण माणसे चोवीसच होती. तेवढ्यावर पोरगे वर्गात पहिले येईल असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. आमचे पोरगे गणितात आहे तिथेच आहे.

एक फरक मात्र माझ्या डोळ्यांदेखत झाला. शिकवताना ते बोलू लागले. "आबा, घाई करता तुम्ही." "आबा, पडू द्या, पडलं की पुन्हा." मग सुरतेच्या चाळीतल्या त्या मुलाबद्दल सांगू लागले, मग कारखान्यातल्या आवाजाबद्दल, मग आईला रात्रपाळी असते तेव्हा ती सकाळी येऊन कशी बसल्या बसल्या झोपते त्याबद्दल. हे सगळे त्याच्या पोटात होते आणि मी इतकी वर्षे समजत होतो की पोर मुखदुर्बळ आहे. समोरासमोर बसून विचारले असते तर बोलला नसता. डोळे लिंबांवर होते म्हणून बोलला.

एका रविवारी तो परसातल्या कुंपणात शिरून, हातभर ओरखडे घेऊन, सागरगोट्याच्या शेंगा घेऊन आला. आईने पंधरा-वीस बिया उन्हात धरून न्याहाळल्या. ही हलकी, ही वाकडी, हिला भोक आहे, असे करत पाच निवडल्या. बाकीच्या परत कुंपणात टाकायला सांगितल्या. त्या पाच आता तिच्या पदराच्या गाठीत असतात. दुपारी सगळी झोपली की बाजल्यावर टकटक ऐकू येते. आपण गेलो की बंद होते.

होळीला मुलगा आणि सून येणार होती. आम्ही दोघे खांडबारा स्टेशनावर घ्यायला गेलो. सणाची गर्दी, गाडीला उशीर. पोराने खिशातून तीन पिशव्या काढल्या. त्या त्याने स्वतः शिवल्या होत्या, एक निळी, दोन लाल. फलाटाच्या कडेला तो झेलू लागला. आईबापांना दाखवायचे होते, हात गरम करत होता. चार पोरे जमली, मग दहा-बारा माणसे. हात छान बसला होता. मी बाकावर बसून मनात मोजत होतो, चाळीसच्या पुढे गेला होता.

तेवढ्यात गर्दीतला एक भला माणूस पुढे आला, पाच रुपयांचे नाणे पोराच्या पायाशी ठेवले आणि निघून गेला.

पिशव्या पडल्या. पोराने नाण्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी काय बोलतो, याची ते वाट पाहत होते. वाचकहो, मला तेव्हा राग आला, लाज वाटली की अभिमान वाटला, ते आजही नीट सांगता येत नाही. जुनेच शब्द जिभेवर आले होते, एवढे मात्र कबूल करतो. मी ते गिळले, पण त्यांच्या जागी दुसरेही काही सुचले नाही. नुसता बसून राहिलो.

पोराने वाकून तिन्ही पिशव्या उचलल्या, नाणे उचलले आणि शेंगावाल्याकडे गेले. पाच रुपयांत हल्ली मूठभरच शेंगा येतात. कागदाची पुडी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले आणि निम्म्या शेंगा माझ्या हातावर ओतल्या. उजवा हात काठीवर होता, म्हणून मी डावा पुढे केला होता.

गाडी यायला अजून वेळ होता. आम्ही शेंगा सोलत बसलो.